डीमधले चेहरे

फार पूर्वीची नाही, अगदी अलीकडची गोष्ट. एका गावात एक फोटोवाला होता. लग्न असो, बारसं असो, शाळेचं गॅदरिंग असो, गळ्यात कॅमेरा अडकवून तो हजर. गावातलं कुणी गेलं की घरचे लोक त्याच्याच दुकानाची पायरी चढत. मग तो जुन्या फोटोतल्या घोळक्यातून नेमका तो चेहरा उचलून काढी, मोठा करी, चौकटीत बसवी. तेराव्याला हार पडे तो त्याच फोटोला.

हे सगळे चेहरे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असत. कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी असे दोन कप्पे, त्यातल्या डीमध्ये. दर दिवाळीला तालुक्याहून दुरुस्तीवाला येई आणि म्हणे, "सी साफ करून देतो. डीला हात लावत नाही. जपायचं ते डीत ठेवा." इतकी वर्षं सी पुसलं गेलं आणि डी जसंच्या तसं राहिलं. होता होता फोटोवाल्याला वाटू लागलं, डी म्हणजे देव्हारा. त्याला कुणी शिवूच शकत नाही.

त्या वर्षी गावातल्या कासारणीची मुलगी तापाने गेली. नुकती शाळेत जायला लागलेली पोर. कासारणीकडे बटणांचा साधा फोन, त्यात फोटो कुठला असणार? तिला एकच फोटो आठवत होता. एका लग्नात ती नवरीला चुडा भरत होती आणि मुलगी तिचा पदर धरून शेजारी उभी होती.

"दादा, त्यातून तेवढी माझी पोर काढून द्या," ती म्हणाली.

"देतो ताई. तेराव्याच्या आत भिंतीवर लागेल. शब्द आहे माझा."

पण कॉम्प्युटर पार थकला होता. तो फोटो उघडायला गेलं की पडदा गोठायचा. फोटोवाला वैतागून गावच्या वाचनालयातल्या बाईंकडे गेला. बाईंनी वाचनालयातले जुने कॉम्प्युटर लिनक्सवर नेले होते. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली प्रणाली. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, शेजाऱ्यालाही द्यावी. बाईंचं म्हाताऱ्या यंत्रांवरही तिच्याच जोरावर काम चाललं होतं.

बाईंनी त्याला लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह दिला आणि बजावलं, "हे बघ, आधी यावरून नुसती चालवून बघ. मशीनमध्ये काही बदलत नाही. प्रिंटर ऐकतो का बघ, कॅमेरा ओळखते का बघ, मराठी टाईप होतं का बघ. पटली, तरी मशीनमधल्या जुन्या प्रणालीला लगेच हाकलू नकोस. काही दिवस दोघी शेजारी शेजारी नांदू देत. आणि या सगळ्याच्या आधी, फोटो दुसऱ्या डिस्कवर घे. घेतलेस की उघडूनही बघ. त्या पोरीचा तर पहिला."

"बाई, फोटो डीत आहेत. डीला काय धाड भरलीय?"

"तुझ्या डीचं कौतुक मला सांगू नकोस. वाचनालयाची मोठी डिस्क घेऊन जा."

"एवढं सगळं उतरवायला अख्खा दिवस जाईल हो!"

"जाऊ दे की. तुला कुठे राज्य चालवायचंय?"

फोटोवाला हसला आणि डिस्क न घेताच निघाला.

दुकानात त्याने पेनड्राइव्ह लावला. आणि काय सांगावं, जे यंत्र सकाळपासून कण्हत होतं ते चालू लागलं. त्याने लग्नाचा तो फोटो उघडला. झरकन उघडला! कासारीण, नवरी, हिरव्या बांगड्या आणि पदर धरून उभी असलेली पोर. तेव्हाच तो फोटो पेनड्राइव्हवर घेता आला असता. पण फोटोवाल्याला घाई झाली होती. उसनवारीचं कशाला, म्हणाला, एकदाची पक्की बसवू, प्रिंटर जोडू, मग निवांत काढू.

प्रणाली बसता बसता तिने विचारलं, जुनीच्या शेजारी राहू, की संपूर्ण डिस्क पुसून राहू?

जुनीने त्याचा जीव नकोसा केला होता. पुसून टाक, तो म्हणाला. डिस्क म्हणजे सी, डी कुठे जातंय! "खरंच पुसू ना?" तिने पुन्हा विचारलं. त्याने "हो" दाबलं.

नवी प्रणाली छान बसली. फक्त तिच्यात सी नव्हतं आणि डीही नव्हतं. त्याने सगळे कप्पे उघडून पाहिले. सगळे नवे, स्वच्छ, रिकामे.

त्याच पावली तो बाईंकडे गेला असता तर! पण त्याला लाज वाटली. कोण कुठला इंटरनेटवर काय सांगतोय ते वाचून त्याने दिसेल ती आज्ञा टाईप केली. हरवलेलं शोधून देणारे प्रोग्राम उतरवले, एकावर एक बसवले. तेरावं तोंडावर आलं तेव्हा कुठे तो कॉम्प्युटर कडेवर घेऊन वाचनालयात आला.

"बाई, मी डी पुसलंच नाही हो. मी फक्त डिस्क पुसली."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, सी आणि डी म्हणजे एकाच घरात मध्ये कूड घालून केलेल्या दोन खोल्या. तू घरच पाडलंस. बरं पाडलंस, तर तेव्हाच बंद करून का आणलं नाहीस? काहीतरी हाती लागलं असतं. तू त्याच्यावर नवं लिहीतच राहिलास."

"वाटलं, तुम्ही बोलाल."

"बोललेच असते! चांगली झाडली असती तुला. पण बोलण्याने कुणी मरत नाही रे."

बाईंनी दोन दिवस खटपट केली. कुठे अर्धा मांडव निघाला, कुठे कुणाचा खांदा. पोर निघाली नाही.

फोटोवाला कासारणीकडे गेला आणि खरं ते सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाली. तेराव्याला हार तिने पाटावर पोरीच्या शाळेच्या पाटीभोवती ठेवला.

आता फोटोवाल्याचा कॉम्प्युटर कधी अडत नाही. त्या नव्या प्रणालीला कुणी नावं ठेवू नयेत. ती गुणाची होती, तिने दोनदा विचारलं होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी कासारीण दुकानात आली. दारातच उभी राहिली.

"दादा, तो फोटो शेवटचा तुम्हीच पाहिलात ना?"

"हो ताई."

"तिच्या भुवईवर पडल्याची खूण होती. काल एकदम माझ्या मनात आलं, ती डाव्या भुवईवर की उजव्या? मला आठवेना हो. आई असून आठवेना. तुम्ही सांगा."

फोटोवाला डोळे मिटून आठवू लागला. त्याला हिरव्या बांगड्या आठवल्या. फोटो किती झरकन उघडला तेही आठवलं. पोरीच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

तात्पर्य हवंच असेल तर ऐका: नव्या घरी जरूर जा, पण आधी राहून बघा, आणि जुनं पाडण्याआधी आतली माणसं बाहेर काढा. तरीही चुकलात तर हात थांबवा आणि लाज सोडून विचारा. रागावणारं माणूस परवडतं, गेलेला चेहरा परत मिळत नाही.