ढोलीचं तारण

झाडांच्या ढोल्या पाखरांना तारणावर मिळायच्या, तेव्हाची गोष्ट. सौदा जमवायला दलाल लागे.

अंडी घालायला जागा शोधणारी साळुंकी आधी आमराईतल्या सुतार पक्ष्याकडे गेली. खोडावर टोचा मारता मारताच तो म्हणाला, "शेपटीची दोन पिसं तारण ठेवावी लागतील. मी ढोल्या मिळवून दिलेली पाखरं इथंच राहतात. जा, भेटून ये."

"दोन पिसं?" साळुंकी फणकारली आणि टेकडीवर नव्यानं आलेल्या दुसऱ्या दलालाकडे, एका काळ्या पाखराकडे निघाली. वाटेत एका ढोलीत पोपट दिसला. तिनं हाक मारली. त्यानं चोच उघडली, पण शब्द फुटला नाही. केवढा हा ताठा, म्हणत ती पुढे गेली.

"पिसं कशाला?" काळं पाखरू म्हणालं. "नुसता आवाज तारण ठेव. माझ्याबद्दल इतरांच्याच तोंडून ऐक."

मग त्याच्या गळ्यातून हुबेहूब पोपट बोलला, "निर्धास्त घे गं! मी सुखात आहे." मागोमाग तांबट पक्षीही तेच बोलला. पाखरं एकमेकांना आवाजावरूनच ओळखतात. साळुंकीचा विश्वास बसला.

आवाज तारण ठेवून ढोली ऐसपैस मिळाली. पिल्लं अंड्यातून बाहेर आली. त्यांना साद घालायला साळुंकीनं चोच उघडली. ढोलीत शांतता. तेवढ्यात टेकडीवरून, कुणा नव्या गिऱ्हाइकाला सांगणारा तिचाच आवाज आला, "निर्धास्त घे गं! मी सुखात आहे."

पिल्लांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि टेकडीकडे माना ताणून ती "आई, आई" असं ओरडू लागली.