ठकूच्या 'पुरे'ची कहाणी

जिवतीबाई, तुम्ही पाटावर बसा, तुमचीच कहाणी तुमच्यापुढं सांगते. बायांनो, हातात अक्षता घ्या. कडेवरची पोरं खाली सोडा, कुठं पळून जात नाहीत. आणि मध्ये कुणी बोलू नका, बोलायचं काम आज माझं आहे.

एक नगर होतं आटपाट. त्या नगराला आग्रहाचं भारी वेड. पंगत बसली की पाहुणा म्हणे, पुरे. वाढणारी म्हणे, घ्या हो. पाहुणा पानावर दोन्ही हात आडवे धरी. वाढणारी बोटांच्या फटीतून जिलबी सोडी. मग पंगतभर हशा होई आणि यजमान मिशीवर ताव देई. त्या नगरात 'पुरे' या शब्दाचा अर्थ 'आणखी वाढा' असा होता. हसू नका, आपल्याकडं काय वेगळं आहे?

त्या नगरात नारभट आचारी राहत होता. त्याच्या बायकोचं नाव आवडा. आवडेच्या हाताला चव होती, घरात दाणागोटा होता, गोठ्यात गाय होती, पण पाळणा हलत नव्हता. तिनं जिवतीला नवस केला, तेव्हा ठकू झाली. ठकू हाडानं बारीक, पायानं नाचरी, सदा गुणगुणणारी. पण नवसाची लेक, मग आवडेचा जीव काय थाऱ्यावर राहतो? एक शेजारीण म्हणे, "पोर वाळली गं." दुसरी म्हणे, "हिच्या अंगाला काही लागत नाही." तिसरी म्हणे, "खायला घालतेस ना?" झालं, आवडा रात्री उठून पोरीचे दंड चाचपून बघे. देवीनं दिलेलं लेकरू आपल्या हातून निसटेल, हे भय तिच्या मनात घर करून बसलं.

मग आवडा काय करी? भात कालवी, ठकूला पुढ्यात धरी. पहिला घास चिऊच्या नावानं भरवी, तो ठकू खाई. दुसरा घास लाडवाच्या नावानं भरवी, "एवढं पडवळ खा, मग लाडू देते." तो ठकू कसाबसा गिळी. तिसरा घास बागुलबुवाच्या नावानं भरवी, तो ठकू गालात धरून बसे. "पुरे," म्हणे. आई म्हणे, "एकच." ठकू म्हणे, "पुरे." आई म्हणे, "शेवटचा." त्या शेवटच्यानंतर आणखी एक शेवटचा असे. असं करता करता काय झालं? पाट मांडल्याचा आवाज आला की ठकू दाराआड जाई. पडवळ दिसलं की रडे. आई जवळ घ्यायला आली, तरी आधी तिच्या हाताकडं बघे, हातात घास तर नाही ना. हे आवडेला कळे आणि तिला फार वाईट वाटे.

मग श्रावणातला शुक्रवार आला. आवडेनं भिंतीवर जिवतीचं चित्र लावलं, आघाड्याची आणि दूर्वांची माळ घातली, पुरणाचा नैवेद्य ठेवला. पानाभोवती पाणी फिरवलं, पडदा सोडला, पाठ फिरवली. इतक्यात दारात एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई, बाई, भुकेली आहे, जेवायला घाल."

आवडेनं पाट मांडला, पान वाढलं. म्हातारी पोटभर जेवली. मग म्हणाली, "पुरे." आवडेनं पोळी वाढली. म्हातारी म्हणाली, "पुरे गं." आवडेनं तूप वाढलं. म्हातारी म्हणाली, "बाई, पुरे." आवडेनं आणखी एक पोळी पुढं केली. तशी म्हातारीनं तोंडावर हात धरला, अगदी ठकू धरी तसा. दाराआडून ठकू खुदकन हसली.

म्हातारी म्हणाली, "बाई, या नगरात मी घरोघर जेवले, पण माझं पुरे कुणी ऐकलं नाही. पोट फुटायला आलंय. मला एक सांग, तो पडदा कशाला सोडलास?"

"नैवेद्य दाखवलाय आजी. देव जेवताना बघू नये."

"का बरं?"

"देवाला संकोच वाटतो."

"किती खाल्लं ते मोजतेस?"

"छे, देवाचं कुणी मोजतं का?"

"पान तसंच राहिलं म्हणून रागावतेस?"

"नाही आजी. नुसती नजर पडली तरी पावलं म्हणायचं."

"मग त्या दाराआडच्या देवानं तुझं काय वाकडं केलंय?"

आवडेनं दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "आजी, देव उपाशी राहिला तरी देवच राहतो. ही लेकरू आहे. नाही जेवली तर माझ्या हाती काय उरेल?" म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जिनं लेकरू दिलं, तिनं त्याच्याबरोबर त्याची भूकही दिली. तुला एक वसा सांगते. घेशील आणि चार दिवसांत विसरशील."

"नाही विसरणार."

"मग ऐक. काय रांधायचं ते तुझं, कधी वाढायचं ते तुझं, कुठं बसायचं ते तुझं. खायचं की नाही ते तिचं, आणि किती खायचं तेही तिचं. तिच्या ओळखीचं एक काही पानात असावं, भात म्हण, पोळी म्हण. नवं असेल ते सुपारीएवढं वाढावं, डाव्या बाजूला, चटणीशेजारी. नाही खाल्लं तर रुसू नये, परत रांधशील तेव्हा परत वाढावं. सारखं हातावर काही ठेवू नये, भूक आपल्या पायांनी येऊ द्यावी. तू तिच्या पंगतीला बसावं, आपल्या पानाकडं बघून जेवावं. डोळ्यांवर पडदा सोडावा. लाडवाची लाच नको, बागुलबुवाचा धाक नको. आणि ती पुरे म्हणाली की पातेल्यावर झाकण ठेवावं."

"आणि उद्यापन कधी करावं?"

"ज्या दिवशी ही तुला विचारून वाढील, त्या दिवशी." असं म्हणून म्हातारी उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. आवडेनं पडदा सारला, तो भिंतीवरच्या जिवतीच्या ओठाला पुरणाचा कण. आवडेनं हात जोडले आणि वसा घेतला.

मग ठकूचा पाट आईच्या पाटाशेजारी मांडला. सुपारीएवढं पडवळ वाढलं. पहिल्या खेपेला ठकूनं ते नुसतं बघितलं. दुसऱ्या खेपेला हुंगलं. तिसऱ्या खेपेला जिभेला लावलं आणि परत चटणीशेजारी ठेवून दिलं. एके दिवशी दोन वेळा भात मागून घेतला, एके दिवशी चिमणीएवढं टिपून उठली. आवडेच्या मनाची घालमेल होई. पण ती आपल्या पानाकडं बघून जेवे. जेवता जेवता तिच्या ध्यानात आलं, ठकू झाल्यापासून आपण गरम भात आज पहिल्यांदा खातोय. तिला हसू आलं. ठकू पाट मांडल्यावर दाराआड जाईना, स्वतःच येऊन बसू लागली.

सगळं बरं चाललं होतं. मग सणाला नणंद आली. पंगत बसली. नणंद म्हणाली, "वहिनी, पोर काय वाळलीय. आईचं लक्ष नाही." झालं, आवडेच्या मनातलं जुनं भय पुन्हा जागं झालं. तिनं वसा विसरून घास उचलला. "आत्याबाई बघतायत, एकच." ठकू म्हणाली, "पुरे." आई म्हणाली, "एकच." ठकू म्हणाली, "आई, पुरे." आईनं घास कोंबला. ठकूनं तो थुंकला आणि उठून पळाली.

मग ती कुणाला दिसेना. अंगणात नाही, गोठ्यात नाही, माळ्यावर नाही. शेजारणी हाका मारू लागल्या, "ठकू, ये, लाडू देते." ओ नाही. नणंद म्हणाली, "ठकू, ये, खीर देते." ओ नाही. नारभट म्हणाला, "ठकू, ये बाळ, जिलबी तळून देतो." ओ नाही. दिवस कलला. कुणीतरी विहिरीत वाकून बघितलं, ते आवडेला बघवेना. ती घरात आली आणि जिवतीपुढं मटकन बसली. "आई, डोळ्यांवरचा पडदा मीच फाडला," म्हणाली. मग रिकाम्या घरात तिनं हाक दिली, "ठकू, तू पुरे म्हणालीस ते मी ऐकलं गं. जेवायला नको, लाडवाला नको, नुसती ये."

तशी कोपऱ्यातली धान्याची कणगी हलली. आतून ठकू वर आली, केसांत भाताचं तूस. तिनं आधी आईच्या हातांकडं बघितलं. हात रिकामे होते. मग ती उतरली, धावत आली आणि आईच्या मांडीवर चढून बसली. आवडा पोटभर रडली.

पुन्हा वसा धरला, तो मात्र सोडला नाही. नणंद बोलली, तर आवडेनं हसून तिचं पान वाढलं, ठकूपुढं घास धरला नाही. पाऊस सरला, थंडी गेली, पुन्हा श्रावण आला. एके दिवशी ठकूनं चटणीशेजारचं पडवळ तोंडात टाकलं, तोंड वाकडं केलं, विचार केला आणि गिळलं. कुणी शाबास म्हटलं नाही. आवडा आपल्या पानाकडं बघत होती, पण पानातलं तिला काही दिसत नव्हतं, डोळेच भरले होते.

मग शुक्रवारी तीच म्हातारी दारात आली. ठकूनं पाट मांडला. "आजी, पोळी हवी?" "वाढ." "आजी, आणखी हवी?" "पुरे." ठकूनं झाकण ठेवलं. म्हातारीनं सुखानं ढेकर दिला. "या नगरातलं हे पहिलं जेवण मला पचलं," म्हणाली.

मग ठकू आईकडं वळली. "आई, तुला काय हवं?" असं आवडेला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. "तुला आवडेल ते वाढ," म्हणाली. ठकूनं सुपारीएवढं पडवळ घेतलं आणि आईच्या पानात डाव्या बाजूला ठेवलं. "नको असलं तर राहू दे हं," म्हणाली, आणि आपल्या पानाकडं बघून जेवू लागली.

आवडेनं म्हातारीकडं बघितलं, तो पाट रिकामा. तिनं भिंतीपुढं डोकं टेकलं. "जिवतीबाई, लेक दिलीत, तिची भूक दिलीत, आणि मला ऐकायला कान दिलेत. तुमचे उपकार कसे फिटतील?" त्या दिवसापासून त्या घरी 'पुरे' म्हणजे पुरे झालं. पुढं शेजारपाजारी झालं, मग नगरात झालं.

जशी आवडेची लेक हसत पाटावर आली, तशी तुमची आमची येवोत. जिवतीबाई, जे दिलंत ते सांभाळा. साठ उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरांत सुफळ झाली, संपूर्ण झाली. आता कुणी आणखी सांगा म्हणेल, तर बायांनो, मी पुरे म्हटलंय.