पळीभर तेल आणि तीन दिवसांचा उपास

एकदा एका शिष्याच्या हातून तेल सांडलं. फार नाही, पळीभर. पण त्या पळीभर तेलाने अख्ख्या आश्रमाचं डोकं उठवलं, त्याची ही गोष्ट.

झालं असं की, आश्रमाच्या बारवेत खाली एक कोनाडा होता आणि त्यात दिवा लावायचं काम या शिष्याचं. सकाळी तेलाची वाटी घेऊन उतरताना त्याचा हात हलला आणि चौथ्या पायरीवर तेल सांडलं. त्याला ते दिसलंसुद्धा. पुसू नंतर, असं म्हणून दिवा लावून तो पाठांतराला निघून गेला. थोड्या वेळाने एक कासार पाणी प्यायला उतरला, डोक्यावर बांगड्यांची टोपली. त्याचा पाय सटकला. मग जो आवाज झाला, तो वर झाडाखाली बसलेल्या गुरुजींनाही ऐकू गेला, ज्यांना एरवी जेवणाची घंटा ऐकू येत नसे.

अर्धी टोपली गेली. त्याहून वाईट म्हणजे कासाराचं उजवं मनगट सुजून टम्म झालं. दुसऱ्याच दिवशी त्याला चार कोसांवर एका नवरीचा चुडा भरायचा होता. बांगडी भरायला दोन्ही हात लागतात, एकाने मुलीचा हात चेपायचा आणि दुसऱ्याने बांगडी सरकवायची. चुडा चुकला की ते घर कायमचं दुसऱ्या कासाराकडे जाणार. मनगटाला हळदीचा लेप लावून बिचारा तेच तेच सांगत बसला होता.

शिष्याला वाईट वाटत होतंच, पण त्याआधी त्याला बाजू मांडायची होती. मुद्दाम केलं नाही. तेल होतं किती, पळीभर. टोपलीत काचेऐवजी ज्वारी असती तर काही झालं असतं का? शिवाय हा कासार मागे बघत, वर कुणाशी तरी बोलत उतरत होता. कासार प्रामाणिक माणूस, त्याने तेही कबूल केलं.

"बरोबर आहे. तुझ्या मनात वाईट नव्हतं," गुरुजी म्हणाले.

शिष्य सुटकेचा श्वास टाकून उठला.

"उद्या यांची टोपली तू उचलायची."

तो परत बसला. हा काय न्याय? दोष नाही म्हणायचं आणि टोपली डोक्यावर द्यायची. दोष असेल तर सरळ सांगा ना. त्याने हे चार वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. गुरुजींनी नुसतं कपाळ चोळलं.

मग स्वारी दुसऱ्या टोकाला गेली. मीच पापी, मीच अधम, आता तीन दिवस निर्जळी उपास! हे त्याने गुरुजींना सांगितलं, स्वयंपाकघरात सांगितलं, गोठ्यातल्या गाईलाही सांगून आला. कासार वैतागून म्हणाला, "कर बाबा उपास. पण माझ्या उद्याचं काय?"

दुपारी गुरुजींनी शिष्याला पानावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने त्याला दोन भाकरी वाढल्या. वर पिठलं, वर तूप. नको नको म्हणेपर्यंत तिसरी भाकरी पडली. कासार बघतच राहिला. पाय घसरला आपला आणि तूप याला?

"गुरुजी, मी उपास धरलाय."

"खा. उद्या चार कोस ओझं न्यायचंय." मग गुरुजी समोरच बसले. "अरे, सकाळपासून तू नुसता स्वतःकडे बघतोयस. आधी मी निर्दोष, मग मी पापी. तुझ्या मनात काय होतं ते तू आणि देव बघून घ्या. इथे प्रश्न यांच्या मनगटाचा आहे. तू उपाशी राहून ती सूज उतरणार आहे का? पायरीवरून माणसं जातात हे तुला माहीत होतं, तेल दिसलं होतं आणि पुसणं तुझ्या हातात होतं. एवढं पुरे. त्या पायरीवर काच घेऊन कोण येईल आणि ज्वारी घेऊन कोण, हे तू ठरवत नाहीस. जो आला त्याचं जे मोडलं, ते होतं तसं करून द्यायचं. फुटल्या तेवढ्या बांगड्या आश्रम आणून देईल. मनगट बरं होईपर्यंत यांचा उजवा हात तू. त्यापुढे एक दिवसही नाही. खड्डा बुजवायचाय, टेकडी रचायची नाही." मग ते कासाराकडे वळले. "आणि बुवा, तुम्ही मागे बघत उतरलात. जाताना टोपली हा वाहील, येताना तुम्ही."

"येताना ती रिकामीच असते," कासार हसून म्हणाला.

"तुमची चूकही तेवढीच होती."

शिष्याला आता कुठे घास गोड लागायला लागला होता, तेवढ्यात गुरुजींनी सहज विचारलं, "तेल पुसलंस ना रे?"

घास हातातच राहिला. सकाळपासून एवढा वाद, एवढी प्रतिज्ञा, आणि तेल तिथेच! तो उष्ट्या हाताने चुलीतली राख घेऊन धावत सुटला. एक म्हातारी घागर घेऊन पहिल्या पायरीवर पोचली होती. तिला तिथेच थांबवून त्याने चौथी पायरी घासली, मग पाचवीही घासली.

दुसऱ्या दिवशी नवरीचा हात कासाराने डाव्या हाताने चेपला आणि शिष्याने मान खाली घालून बांगडी सरकवली. सरकवताना दोन वाढल्या, म्हणजे फुटल्या, बाकी सगळ्या बसल्या.

परतताना कासार पाणी प्यायला बारवेत उतरला. चौथ्या पायरीवर त्याने आधी अंगठा टेकवून पाहिला. मागे शिष्य श्वास रोखून उभा होता. मग कासाराने पूर्ण पाऊल टाकलं आणि खाली गेला.