माळढोक दिसला!

फार जुनी गोष्ट. माळरानात नांगर शिरला, गवताचे तुकडे तेवढे उरले आणि माळढोक दिसेनासे झाले. तेव्हा माळामाळावर टिटव्या टेहळणीला बसल्या. एखादा दिसला की तिथली टिटवी ओरडे, पुढच्या माळावरची ती हाक पुढे नेई, आणि मुलूखभर आनंद पसरे.

एका म्हाताऱ्या माळढोकाला कित्येक दिवसांत आपल्या जातीचं कुणी भेटलं नव्हतं. "उगवतीच्या माळावर माळढोक दिसला!" हे कानी पडताच तो तिकडे उडाला.

"अहो, तुमच्यातलाच एक आला होता हो इथे!" तिथली टिटवी नाचतच म्हणाली. "धुक्यात लांबून पाहिला मी. मान काय ऐटदार! डावा पाय मात्र ओढत होता बिचारा."

परवाच्या धुक्यात तो स्वतःच या माळावर फिरून गेला होता. माळढोक हळूच गवतात बसला आणि डावा पाय त्याने पोटाखाली घेतला.

"भेटेल हो तुम्हाला," टिटवी म्हणाली.

"हो, भेटेल की."

इतक्यात मावळतीकडून, जिथून तो सकाळी निघाला होता तिथूनच, हाक आली, "माळढोक दिसला!"

सगळं कळूनही त्याची मान वर झाली.