बांधातली वीतभर जागा

एका राज्यात एक तळं होतं, आणि तळं होतं म्हणून राज्य होतं. शेतं त्याच्या पाण्यावर, विहिरी त्याच्या पाण्यावर, राजाचा थाटही त्याच्याच पाण्यावर. ते पाणी एका लांबलचक बांधाने अडवून धरलं होतं, आणि बांध होता तीन जमातींच्या लोकांचा. एक टोक पाषाण्यांचं, ते डोंगर उतरून आलेले, दगड घडवणारे. मधला भाग गाळव्यांचा, ते खोऱ्यातून आलेले, माती तुडवणारे. दुसरं टोक वेतकरांचं, ते रानातून आलेले, वेताच्या विणीची भिंत उभारणारे. तिघांची बोली वेगळी, देव वेगळे, जेवायच्या वेळासुद्धा वेगळ्या. पण अदब अशी की वाटेत समोरासमोर आले की 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करता करता ऊन डोक्यावर यायचं.

राजा मणिकेतूला याचा कोण अभिमान! एकदा भर दरबारात तो म्हणाला, "असे तीन लोक ज्याच्या पदरी, त्याचं राज्य कोण मोडणार?"

दरबारात धूमकेश नावाचा जादूगार बसला होता. याला फुशारकी मुळीच खपत नसे, स्वतःची सोडून. तो उठून म्हणाला, "राजा, ही माणसं तुझं बळ आहेत की तुझ्या राज्यातली फूट?"

"बळ!"

"मग करून दाखव. तोंडचं उत्तर मी ऐकत नाही."

त्याने टाळी वाजवली. राजाच्या शेजारी बसलेली त्याची एकुलती लेक केतकी मासोळी होऊन आसनावर तडफडू लागली. राजाने तिला ओंजळीत उचललं, मुकुट पडला तिकडे पाहिलंसुद्धा नाही, धावत जाऊन तिला तळ्यात सोडलं.

धूमकेश मागून आला. "तुझ्या बांधात जी खोट आहे ती आजपासून वाढत जाईल, आणि पाणी उतरत जाईल. तीन वेळा उत्तर कर. बरोबर आलं तर लेक तुझी. चुकलं तर तळ्याचा तळ बघ आणि तिथेच तिला शोध." एवढं बोलून तो धूर झाला.

राजाने पहिलं उत्तर थाटात केलं. बांधावर तोरणं लावली, वाजंत्री आणली, तिन्ही लोकांना आपापल्या भागावर उभं करून मानाची वस्त्रं दिली. पाषाण्यांनी आपली गाणी म्हटली, गाळव्यांनी आपली, वेतकरांनी आपली. डोळ्यांचं पारणं फिटलं. आणि संध्याकाळी पाणी घाटाच्या पायऱ्या सोडून खाली गेलं.

"म्हणजे बळ नव्हे?" राजाने प्रधानाला विचारलं.

"बळ नव्हे तर फूटच, महाराज. तिसरं काय असणार?" प्रधान म्हणाला. "एकच बांध करावा. सगळा दगडाचा."

राजाला ते पटलं असंही नाही आणि न पटायला काही हाताशीही नव्हतं. त्याने दवंडी पिटवली: बांध एका जातीचा होईल, माती आणि वेत निघेल. पाषाण्यांनी मान खाली घालून वेताची पहिली ताटी उपटली मात्र, तिथून पाण्याचा असा लोंढा फुटला की दोन पाषाणे वाहून जाता जाता वाचले. गाळवे मुकाट्याने आपल्या गाड्या भरू लागले, तेव्हा राजा अनवाणी धावला. "थांबा! चुकलं माझं! जाऊ नका!"

ताटी पुन्हा बसली, गाड्या रिकाम्या झाल्या, पण तळं आता अर्धंही उरलं नव्हतं.

राजा काठावर बसला. बळ म्हणावं तरी पाणी उतरतं, फूट म्हणावं तरी उतरतं! मग आहे तरी काय हे? उथळ पाण्यात केतकी त्याच्यापाशी येऊन तोंड उघडत होती, मिटत होती, आणि त्याला तेही कळत नव्हतं. राजा हमसून हमसून रडला.

जवळच्या खुंटावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. तो म्हणाला, "राजा, पाणी जातंय कुठून, ते पाहिलंस का?"

"बांधातून."

"बांधातून कुठून?"

उत्सव केला, दवंडी पिटवली, पण बांधापाशी वाकून पाहायचं राजाला सुचलंच नव्हतं.

"कसला राजा रे तू!" पाणकावळा म्हणाला आणि उडून गेला.

राजा धोतर खोचून चिखलात उतरला. दगड चाचपले, ठणठणीत. माती चाचपली, घट्ट. वेत चाचपला, मजबूत. आणि दगड संपून माती सुरू होते तिथे त्याचा हात आरपार गेला. तिथे वीतभर जागा मोकळी होती. माती संपून वेत सुरू होतो तिथेही तशीच.

त्याने तिघांच्या वडीलधाऱ्यांना बोलावलं. पाषाण्यांचा खडकोजी आला, गाळव्यांची रेवाई आली, वेतकरांचा शिरवा आला.

"ही जागा का सोडली?"

रेवाई म्हणाली, "रीत आहे, महाराज. शेजाऱ्याच्या कामाला आपला हात लागू नये. पंगतीत दुसऱ्याच्या ताटात कुणी हात घालतं का?"

"आम्हीही मान राखूनच थांबतो," खडकोजी म्हणाला.

"मग या जागेची डागडुजी कोण करतं?"

तिघांनी एकमेकांकडे अदबीने पाहिलं. कुणीच करत नव्हतं.

"बुजवा ती."

"आधी खडकोजींनी," रेवाई म्हणाली.

"छे छे, मान रेवाईंचा," खडकोजी म्हणाला.

"शिरवा थोरले आहेत," रेवाई म्हणाली.

"भले!" राजा ओरडला. "तिकडे माझी लेक मरतेय, आणि तुम्ही मान कसले देताय!" तो दगड-मातीच्या फटीत शिरला आणि पाण्याला पाठ लावून बसला. "मी इथून हलणार नाही. बांध बुजवा, नाहीतर मलाही वाहून जाऊ द्या."

पाण्याचा जोर वाढला. राजाचे ओठ निळे पडले. तेव्हा रेवाईने पदर खोचला, मातीचा गोळा उचलला आणि खडकोजीच्या दगडावर थापला. तो घसरून पडला.

"अहो, दगड किती गुळगुळीत घडवलाय! टाचवून जरा खडबडीत करा त्याला!"

"माझ्या दगडाला नावं? तुमची माती आधी नीट तुडवा!"

"दोघं हटा," शिरवा म्हणाला, "आधी वेताची जाळी, मग माती, मग दगड."

"ही काय टोपली विणायची आहे?"

"टोपलीतही पाणी धरून दाखवीन! बोलायचं काम नाही!"

बघता बघता तिन्हीकडची माणसं धावून आली. जो तो दुसऱ्याच्या कामात हात घालू लागला, दुसऱ्याचा दगड फिरवू लागला, तीन बोलींतून एकमेकांचा उद्धार होऊ लागला. राजाला वाटलं, संपलं! हीच ती फूट. आजवर कधी चढा शब्द न काढलेली माणसं आपण भांडायला लावली! कुणीतरी त्याला बगलेत धरून बाहेर ओढलं. तो डोळे मिटून बसला.

मग त्याच्या लक्षात आलं, पाण्याचा आवाज थांबला होता. दोन्ही फटी बुजल्या होत्या. दगडात वेत, वेतात माती.

धूर दाटला आणि धूमकेश उभा राहिला. "बोल राजा, बळ की फूट?"

"मला ठाऊक नाही," राजा कुडकुडत म्हणाला. "खरंच सांगतो, अजून उमजलेलं नाही. पण पाणी थांबलंय."

जादूगाराने बांधाकडे पाहिलं. बोटाने टोकरलं. थेंब गळला नाही. तो चडफडला, धूर झाला, आणि वाऱ्याने तो धूर पार उडवून लावला.

तळ्यातून केतकी चालत बाहेर आली. राजाने तिला पोटाशी धरलं आणि दोघंही चिखलाने माखली. राज्यात पुन्हा पाणी भरलं, शेतं पिकली, सगळी घडी बसली. मात्र दर पावसाळ्याआधी त्या सांध्यांवर तिन्ही लोक जमत आणि तारस्वरात भांडत.

एका दुपारी केतकी वामकुक्षी घेणाऱ्या राजाला म्हणाली, "बाबा, बांधावर केवढा कालवा चाललाय! त्यांना थांबवा ना."

राजाने कूस बदलली. "भांडू दे गं. ते गप्प झाले, तर मात्र मला लगेच उठव."