मान दिली, मान दिला

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो आणि मोठ्यांनो. इतकी जुनी, की तेव्हा त्या नदीला नाव होतं, पण तिच्यावर पूल नव्हता.

नदीकाठी एक राज्य होतं. तसं बरं राज्य होतं. विहिरींना पाणी होतं, बाजारात धान्य होतं, आणि राजाला बांधकामाची भारी हौस होती. देऊळ म्हणू नका, धर्मशाळा म्हणू नका, वेस म्हणू नका; राजाच्या मनात आलं की स्थपतीला बोलावणं जाई. स्थपती म्हणजे इमारत आधी डोक्यात उभी करणारा आणि मग ती जमिनीवर उभी करून घेणारा माणूस.

त्या राज्यात गवंड्याला मजुरी मिळे, पाथरवटाला मजुरी मिळे, चुन्याची घाणी ओढणाऱ्या बैलालाही पेंड मिळे. स्थपतीला मात्र मान मिळे. मान म्हणजे एक शाल, एक नारळ आणि एक विडा.

"बुद्धीचं मोल मापाने कसं करायचं? तो बुद्धीचा अपमान होईल," असं दरबारी म्हणत. असं म्हणणाऱ्या दरबाऱ्यांना स्वतःच्या बुद्धीचं मोल महिन्याच्या महिन्याला मिळत असे, आणि तेही चांगलं मापून.

आणखी एक रीत होती. कमान बांधताना दगडांना आधार म्हणून खाली लाकडी साचा उभा करतात. चुना सुकला, दगडाने दगडाला धरलं, की साच्याच्या पाचरी ठोकून तो काढून घेतात. त्या वेळी स्थपतीने कमानीखाली उभं राहायचं. रीत जुनी होती, आणि वाईटही नव्हती. आपल्या कामाखाली उभं राहायला कोणता चांगला कारागीर कचरतो?

त्या राज्यात एक नवरा-बायको होते, दोघंही स्थपती. तो रेषा आखायचा, ती ओळंबा धरायची. दोरीला बांधलेला तो शिशाचा गोळा तिच्या हातात इतका स्थिर राही, की लोक तिला ओळंबेबाईच म्हणत. त्यांच्या घरात शालींनी पेटी भरलेली आणि धान्याची कणगी बहुधा रिकामी असे.

"आज काय शिजवू?" ती विचारी.

"हिरवी शाल शिजव. लवकर मऊ होईल," तो म्हणे. मग दोघंही हसत.

एका वर्षी वेशीची कमान बांधून झाली. चुना अजून ओला होता. पण पाहुणे राजे यायचे होते, आणि लाकडी साचा डोळ्यांना खुपत होता. साचा काढायचा दिवस राजाने ठरवला. ओळंबेबाईच्या नवऱ्याने "अजून नको" म्हणून सांगून पाहिलं. पुन्हा सांगून पाहिलं. मग रीतीप्रमाणे तो कमानीखाली जाऊन उभा राहिला.

दरबारातून तिच्या घरी एक शाल आली. पांढरी.

त्याबद्दल ती कोणाशी फारसं बोलली नाही. भाकरी करताना मात्र ती परातीत दोघांचं पीठ घेई, आणि मग त्यातलं मूठभर परत डब्यात टाकी.

वर्ष सरलं. राजकन्येचं लग्न नदीपलीकडच्या राजपुत्राशी ठरलं, आणि राजाच्या मनात पूल आला. वरात पुलावरून जायला हवी. ओळंबेबाईला बोलावणं गेलं.

ती आली. तिच्या हातात ओळंबा होता, त्याच पांढऱ्या शालीत गुंडाळलेला.

"बाई, या नदीवर पूल बांधायचा," राजा म्हणाला. "तुझ्यावाचून दुसरं नाव डोळ्यांसमोर येत नाही."

"बांधीन, महाराज. मला महिन्याच्या महिन्याला पोटापुरतं धान्य हवं. उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद हवं. आणि साचा कधी काढायचा ते मी सांगेन."

दरबारात कुजबुज झाली. राजा हसला. "पहिल्या दोन गोष्टींनी माझा खजिना रिता होईल आणि तिसरीने माझं राजेपण."

प्रधान याच घडीची वाट बघत होता. बाईने तोंड उघडलंच तर ते बंद करायला त्याने तीन देशांचे तीन स्थपती पाहुणे म्हणून आणून ठेवले होते. त्याने त्यांना पुढे केलं.

"मंडळी, तुमच्याकडे स्थपती किती वेळ राबतो, त्याला किती मिळतं आणि त्याच्या डोक्यावर ओझं काय असतं, ते जरा आमच्या बाईंना सांगा."

पूर्वेचा स्थपती सडपातळ होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तो म्हणाला, "आमच्याकडे सूर्याबरोबर उठतो आणि सूर्य गेल्यावरही थांबत नाही. काम सुरू झालं की घर विसरायचं."

उत्तरेचा म्हणाला, "आमच्याकडे मजुरी थोडकी. नवशिक्याला तर नुसतं जेवण."

दक्षिणेचा सागरकिनाऱ्यावरचा होता. त्याचा आवाज मोठा होता. "आमच्याकडे इमारत पडली तर स्थपतीचं घरदार जप्त!"

प्रधानाने टाळी वाजवली. "ऐकलंत, महाराज? आता आपणही तसंच करू. पूर्वेचे तास, उत्तरेची मजुरी आणि दक्षिणेचं ओझं. वर आपला मान आहेच! असं भाग्य तीनही देशांत कोणाला नाही."

राजाने मान डोलावली. त्याला ते न्यायाचं वाटलं.

ओळंबेबाई म्हणाली, "महाराज, प्रधानजींनी पाहुण्यांना अर्धंच विचारलं. उरलेलं मी विचारू का?"

"विचार. विचारायला धान्य लागत नाही," राजा म्हणाला, आणि दरबार हसला.

ती पूर्वेच्या स्थपतीकडे वळली. "दादा, इतकं राबल्यावर मग काय?"

"मग पुढे पाऊस. पावसाचे महिने कोणी हाक मारत नाही. राजाच्या कोठारातला तांदूळ घरी येतो." तो जरा थांबला. "खोटं कशाला बोलू, बाई, आमच्याकडेही सगळं गोड नाही. माझा भाऊ चाळिशीतच म्हातारा झाला. पण पावसात तो मुलांबरोबर घरी असतो."

"आणि तुमची थोडकी मजुरी?" तिने उत्तरेच्या स्थपतीला विचारलं.

"घर राज्याचं, वैद्य राज्याचा, मुलांची शाळा राज्याची. मजुरी मग कशाला पुरायची असते? मीठ-मिरचीला. आणि कामावर कोणी दगावलाच, तर त्याच्या माणसांची चूल राज्य विझू देत नाही."

ओळंबेबाईने हातातली शाल जरा नीट धरली. मग ती तिसऱ्याकडे वळली.

तिसरा विचारायच्या आधीच बोलला. "घर जप्त होतं, म्हणून तर पाचरीला हात लावायचा हुकूम फक्त आमचा! आमच्या कामात राजाने घाई केली तर घर राजाचं जप्त होतं. आमच्या आधीच्या राजाने एकदा केली होती. ते हल्ली भाड्याने राहतात."

या वेळी दरबार हसला नाही.

ओळंबेबाई राजासमोर उभी राहिली. "महाराज, तीन पाहुण्यांची तीन ताटं होती. तुम्ही प्रत्येक ताटातली मिरची तेवढी उचललीत आणि भात तिथेच ठेवलात. मग म्हणता, बाई, जेव."

"जपून बोल," प्रधान म्हणाला. "तुझ्या घराण्याला या दरबाराने मान दिला आहे."

"दिला की." तिने शाल उलगडून ओळंबा बाहेर काढला आणि शाल पायरीवर ठेवली. "माझ्या नवऱ्याने या राज्याला मान दिली, प्रधानजी. राज्याने त्याला मान दिला. शब्द एकच, म्हणून देणंघेणं फिटलं असं तुम्हाला वाटलं. मला नाही वाटलं. ही तुमची शाल. मी माझ्या अटीवर पूल बांधीन, नाहीतर नाही बांधणार."

आणि ती निघून गेली.

राजाने रागाने पाहुण्यांना विचारलं, "तुमच्यापैकी कोण बांधतो?"

पूर्वेचा म्हणाला, "पाऊस जवळ आलाय." उत्तरेचा म्हणाला, "मुलं वाट बघत असतील." दक्षिणेचा म्हणाला, "मी बांधतो की. पण आधी राजवाड्याचा दर काय ते कळू द्या, पुढे जप्तीला बरं पडेल." आणि तिघंही आपापल्या वाटेने गेले.

शेवटी काम प्रधानाच्या मेहुण्याला मिळालं. त्याने आजवर एक गोठा बांधला होता, आणि गाई अजून बाहेर बसत.

ओळंबेबाई लोकांच्या विहिरी बांधू लागली, चुली घालून देऊ लागली. लोक पायलीभर जोंधळे देत, कोणी शेंगा देत. शाल कोणीच दिली नाही. संध्याकाळी ती घाटावर जाऊन बसे. तिच्या माणसाला शेवटचा निरोप तिने त्याच घाटावर दिला होता. तिथून पूल वाढताना दिसे. गवंडी तिच्या ओळखीचे होते, हात चांगले होते, दगड चोख बसत होते. एकच गोष्ट चुकत होती, आणि ती दगडात नव्हती.

लग्न जवळ आलं. म्हातारा गवंडी भिवाबाबा घाटावर तिच्याशेजारी येऊन टेकला.

"पोरी, उद्या साचा काढायचा म्हणतात."

"चुना?"

"लोण्यासारखा आहे. गेल्या पंधरवड्यात तर भरलाय."

"तुम्ही सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं ना. मेहुणे म्हणाले, वरून चांगला दिसतो."

दुसऱ्या दिवशी सारं राज्य नदीकाठी लोटलं. तोरणं लागली, वाजंत्री आली. फक्त मेहुणे आले नाहीत. त्यांच्या पोटात कळ आली होती. ती पहाटेच आली होती, आणि साचा निघेपर्यंत थांबणार नाही असं त्यांनी निरोपात कळवलं होतं.

भिवाबाबा आणि त्याचे गवंडी हातातले हातोडे खाली ठेवून वाळूत बसले. "कमानीखाली कोणी उभं राहिल्याशिवाय पाचरीला हात लावायचा नाही, महाराज. रीत आहे."

प्रधानाने जरीची शाल वर धरली. "हा मान कोणाला हवा?"

पुढची रांग एक पाऊल मागे सरली.

राजाची नजर गर्दीत ओळंबेबाईवर पडली. "बाई, या राज्यात स्थपती म्हणवतेस ना? मग उभी राहा. नाहीतर आजच हा घाट आणि हे राज्य सोडून जा."

तिने घाटाकडे पाहिलं. मग ती पुढे आली.

"मी राज्य सोडणार नाही. उभी राहते. कमान माझी नाही, तरी उभी राहते. पण महाराज, ही कमान कोणाची आहे ते आधी ठरू द्या. रेषा मेहुण्यांनी आखल्या, दगड भिवाबाबांनी बसवले. दिवस तुम्ही ठरवलात. ज्याने दिवस ठरवला त्याने माझ्याशेजारी उभं राहावं."

"हे काय बोलणं झालं!" प्रधान ओरडला.

"पाचर ठोकणारेही खालीच असतात, प्रधानजी. त्यांना तर शालही नसते. जागा पुष्कळ आहे. तुम्हीही या."

लोक राजाकडे बघत होते. राजकन्या बघत होती. राजा भित्रा नव्हता. त्याला आजवर कोणी बोलावलंच नव्हतं. तो घोड्यावरून उतरला, वाळूतून चालत गेला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

त्याने वर पाहिलं. इतक्या इमारती बांधून घेतल्या, पण कमान खालून कशी दिसते ते त्याला ठाऊक नव्हतं. दगड मोठे होते. ते फार जवळ होते.

भिवाबाबाने हातोडा उचलला. ओळंबेबाई हळूच म्हणाली, "एक पाचर सैल झाली तरी ही उभी राहील, महाराज. दुसरीचा भरवसा मी देत नाही."

ठक्. पहिली पाचर सरकली. वरून काहीतरी राजाच्या खांद्यावर पडलं. त्याने बोटांत धरून दाबलं. ते पांढरं होतं, आणि बोटांत पसरलं.

"दुसरी!" काठावरून प्रधानाने हुकूम सोडला.

"थांबा!" राजा ओरडला. मग त्याने तिला विचारलं, "हा चुना... सुकायला अजून किती लागेल?"

ओळंबेबाईने त्याच्या बोटांवरचा चुना पाहिला.

"हेच वेशीच्या कमानीपाशी विचारायचं होतं, महाराज," ती म्हणाली.

राजाची मान खाली गेली. त्या दिवशी पहिली पाचर पुन्हा घट्ट बसवली गेली. वरात नावेतून गेली आणि राजकन्या मजेत पाणी उडवत गेली. साचा तसाच राहिला, ओळंबेबाई सांगेल तोवर. ज्या दिवशी तो निघाला त्या दिवशी ती कमानीखाली उभी होती आणि तिच्याशेजारी राजा. पूल जागचा हलला नाही. पुढे कितीतरी राजे आले आणि गेले, तरी हलला नाही.

त्या राज्यात रीत तीच राहिली, फक्त तिच्यात एका माणसाची भर पडली: दिवस ठरवणाराही खाली उभा राहील. भर दुपारी काम बंद राहू लागलं. स्थपतीला महिन्याच्या महिन्याला धान्य मिळू लागलं, आणि लोक त्याला मोल म्हणू लागले. आणि कमानीखाली जीव गेलेल्यांच्या घरी राज्याच्या कोठारातून धान्य जाऊ लागलं.

ओळंबेबाईकडे पहिलं धान्य आलं त्या संध्याकाळी ती भाकरी करायला बसली. हाताने सवयीप्रमाणे दोघांचं पीठ परातीत घेतलं. मूठ भरून ते परत डब्यात टाकायला निघाली, आणि थांबली. दोन भाकरी केल्या. एक स्वतः खाल्ली. दुसरी फडक्यात बांधून भिवाबाबाला नेऊन दिली.

लहानथोरहो, एवढं गाठीला बांधून ठेवा: मानेची किंमत मानाने फिटत नाही; ज्याच्या कष्टावर कमान उभी करायची, त्याला मोल द्यावं, आणि त्याच्या शेजारी उभं राहावं.