खांडबहाले सरांचा एकुलता एक विद्यार्थी

या विद्यापीठात असा एकही विभाग नाही, जिथे मी बसलेलो नाही. चौतीस वर्षं बसलो. दाराबाहेर, स्टुलावर. आतून घंटा वाजली की उठायचं, पाणी द्यायचं, पुन्हा बसायचं. तरी सांगतो, दाराच्या फटीतून जेवढं ज्ञान बाहेर येतं तेवढं आतही नसतं. माझ्या डोक्यात त्यातलं किती शिरलं ते विचारू नका. सातवीत दोनदा नापास झालेल्या माणसाला असले प्रश्न विचारत नसतात.

तर गावाबाहेर एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात एक भोळा विद्यार्थी होता. भोळे तिथे पुष्कळ होते, काहींना तर पगारही चालू होता. पण ही गोष्ट भानुदास टेकाळेची. सगळे त्याला भान्या म्हणत.

भान्या खांडबहाले सरांच्या विभागात होता. विभागाचं नाव 'आंतरविद्याशाखीय डिजिटल अध्ययन विभाग'. पाटी दारावर मावेना, म्हणून दोन खिडक्यांवरून पुढे नेली होती. काम असं, की विद्यार्थ्याने या विभागातून त्या विभागात फिरायचं आणि जिथे जाईल तिथलं काम संगणकावर, मोबाइलवर करायला शिकायचं. सरांनी साठ जागांची जाहिरात दिली. आला एकटा भान्या. तोसुद्धा एसटी चुकली म्हणून सावलीला उभा राहिला होता. सरांनी त्याला तिथेच धरला आणि फॉर्म भरून घेतला.

वरून हुकूम आला होता. वर्षअखेर समिती येईल. निदान एक खराखुरा विद्यार्थी समितीपुढे उभा राहिला, आपलं नाव, आपला विभाग, आपलं काम सांगू शकला, तर विभाग राहील. नाहीतर पाटी उतरवा, कुलूप लावा. आणि खांडबहाले सरांनी परत तालुक्याच्या कॉलेजात जायचं, अकरावीला शिकवायला. अकरावीचं नाव काढलं की सरांना घाम फुटायचा. म्हणून ते भान्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत.

भान्याच्या तळहातावर फोड नव्हता, अक्षरं होती. कुणी काही शिकवलं की तो बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहून घ्यायचा. तळहात पडला एकच. म्हणून नवं लिहायच्या आधी जुनं थुंकी लावून पुसून टाकायचा. पुढच्या विभागात गेला की मूठ उघडायची, वाचायचं आणि तस्संच करायचं.

पहिला गेला संगणक विभागात. तिथले सर म्हणाले, "एक गोष्ट कधीच विसरू नकोस. कुठलाही माल एका ठिकाणी ठेवायचा नाही. एकाचे तीन करायचे आणि तीन वेगळ्या जागी ठेवायचे. एक गेला तरी दोन उरतात."

"कळलं सर," भान्या म्हणाला. लिहून घेतलं.

मग गेला वनस्पतीशास्त्रात. मॅडमनी घाटातल्या कड्यावरून एका दुर्मिळ झुडपाचं पान आणलं होतं. एकच पान. तीन वर्षं हिंडल्या तेव्हा मिळालं होतं. म्हणाल्या, "भानुदास, याचा स्कॅन काढायचाय, नीट ठेव." भान्याने मूठ उघडली, वाचलं. पानाचे तीन तुकडे केले. एक कपाटात, एक कँटीनच्या फ्रीजमध्ये, एक आपल्या डब्यात.

मॅडमना रडावं की मारावं कळेना. खांडबहाले सर धावत आले. "मारू नका मॅडम, एकुलता एक आहे!"

"अरे बाबा," मॅडम म्हणाल्या, "नाजूक वस्तू फाडायची नसते. दोन जाड कागदांमध्ये घालायची, वर जड दगड ठेवायचा आणि आठ दिवस बघायचंसुद्धा नाही. छान सपाट होते. मग स्कॅन."

"आधी नाही का सांगायचं," भान्या म्हणाला. थुंकी लावली, पुसलं, लिहिलं.

मग गेला पुरातत्त्व विभागात. तिथे खणताना एक मातीचा हत्ती सापडला होता. वीतभर उंच, सोंडेसकट. सर म्हणाले, "फार नाजूक आहे रे. याला संगणकात उतरवायचंय. सांभाळ."

नाजूक म्हटल्यावर भान्याने मूठ उघडली. हत्ती दोन पुठ्ठ्यांत घातला आणि कँटीनमधून वरवंटा मागून आणला. मी दारातच होतो. विचारलं, "काय रे, चटणी वाटतोस?"

"नाही मामा, डिजिटल करतोय."

आठ दिवसांनी सरांनी पुठ्ठे उघडले. भान्या म्हणाला, "सपाट झालाय सर. फुंकू नका फक्त."

दोन हजार वर्षं उभा राहिलेला हत्ती सरांनी केरसुणीने सुपात भरला. खांडबहाले सर धावत आले. "मारू नका सर, एकुलता एक आहे!"

"गाढवा," पुरातत्त्वाचे सर ओरडले, "दाबायचं कशाला? फिरत्या पाटावर ठेवायचं, हळूहळू फिरवायचं आणि छत्तीस फोटो काढायचे. पुढून, मागून, पाठीचा, पोटाचा. शेवटी उलटं करून बुडाचा. एक बाजू सोडायची नाही!"

"आधी नाही का सांगायचं," भान्या म्हणाला. थुंकी, पुसलं, लिहिलं.

मग गेला समाजशास्त्रात. तिथल्या मॅडमचं काम होतं, बुडत चाललेल्या धंद्यातल्या माणसांच्या मुलाखती मोबाइलवर घ्यायच्या. त्यांनी कोंडाबाईंना बोलावलं होतं. जात्याला, पाट्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खडबडीत करून देत फिरणाऱ्या. सत्तरीच्या, पण मनगट असं की दगडाने वचकून राहावं. मॅडम म्हणाल्या, "भानुदास, आजींना नीट बसव आणि सुरू कर."

भान्याने मूठ उघडली. आजींना मॅडमच्याच फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची फिरवायला लागला. एक फोटो, थोडं फिरव. दुसरा फोटो, थोडं फिरव.

"आरं, मला घेरी यायली की रं मुडद्या!"

"हलू नका आजी. पस्तीस झाले. आता तेवढं उलटं व्हा, बुडाचा राहिलाय."

कोंडाबाईंच्या पिशवीत छिन्नी होती, हातोडी होती. त्यांनी देवाची आठवण ठेवून पायातली चप्पलच घेतली. भान्या पुढे, कोंडाबाई मागे, त्यांच्या मागे खांडबहाले सर. "मारू नका मावशी, एकुलता एक आहे!"

"तरीच!" कोंडाबाई म्हणाल्या. "आईबापानं दुसऱ्याचं धाडसच केलं नसंल."

समाजशास्त्राच्या मॅडम ओरडल्या, "माणूस आहे तो, हत्ती नाही! माणसाची आधी लेखी परवानगी घ्यायची. त्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, नावाच्या जागी क्रमांक टाकायचा. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी. आणि कुणी कितीही खोदून विचारलं, अगदी मोठ्या साहेबाने विचारलं, तरी ओळख फुटता कामा नये!"

"आधी नाही का सांगायचं," भान्या म्हणाला. हे फार लांब होतं. मनगटापर्यंत गेलं.

आणि आली समिती.

खांडबहाले सरांनी भान्याला नवा शर्ट घेतला. म्हणाले, "बाळा, विभाग छान मांडून ठेव. समितीत सगळी मोठी माणसं आहेत. माणसांशी नीट वाग." माणसांशी म्हटल्यावर भान्याने मूठ उघडली.

समिती अर्धा तास व्हरांड्यात हिंडत होती. विभागच सापडेना. दोन खिडक्यांवरच्या पाटीला भान्याने वर्तमानपत्र चिकटवलं होतं. शेवटी मीच आत घेऊन आलो. भिंतीवर कुलगुरूंपासून संस्थापकांपर्यंत सगळ्यांच्या तसबिरी, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. समितीतला एक जण हळूच म्हणाला, "पोलीस चौकीत आलो का आपण?"

समितीच्या अध्यक्ष मोहरीर मॅडम. नाकावर चष्मा, हातात पेन, आवाज थंड. त्यांनी हजेरीपट उघडला. नाव कुठेच नव्हतं. 'क्रमांक एक, हजर. क्रमांक एक, हजर.' जुनं नाव खोडून भान्याने वर्षभर तेच लिहून ठेवलं होतं.

"विद्यार्थी कुठे आहे?"

भान्या पुढे आला. डोळ्यांवर काळं फडकं बांधलेलं, त्यामुळे आधी कपाटासमोर जाऊन उभा राहिला.

"नाव काय तुझं?"

"क्रमांक एक."

"नाव विचारते आहे."

"आधी लेखी परवानगी लागेल."

"कुणाची?"

"माझी. आणि मी ती दिलेली नाही."

खांडबहाले सर मधे पडले. "मॅडम, मी विभागप्रमुख. हा माझाच विद्यार्थी. बाळा, सांग यांना, मी कोण आहे?"

भान्या छाती काढून म्हणाला, "माहीत आहे. पण जीव गेला तरी सांगणार नाही."

"विभाग कुठला तुझा?" मॅडमनी विचारलं.

"तेवढ्यावरून ओळख पटेल मॅडम."

सरांच्या कपाळावर अकरावी दिसायला लागली. ते माझ्याकडे वळले. "मामा, तुम्ही तरी सांगा हो, हा कोण, मी कोण!"

मी काय सांगणार? सकाळी भान्याने माझीही सही घेतली होती. म्हटलं, "मी क्रमांक सात."

मोहरीर मॅडमनी कागदावर लिहिलं, 'विद्यार्थी आढळला नाही. विभागही आढळला नाही.' खांडबहाले सरांनी हात जोडले. "मॅडम, एका मूर्खावरून माझ्या विभागाची पारख करू नका. असा हजारात एखादाच निघतो हो!"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"हजारात एखादा निघत असेल, सर. तुमच्या विभागात शंभर टक्के निघालेत."